सॅव्हाना मास्टर (बॅटलटेक)

सॅव्हाना मास्टर हे 'बॅटलटेक' या विज्ञानकथेवर आधारित पटावरील युद्धखेळातील एक काल्पनिक टेहळणी हॉवरक्राफ्ट आहे. अवघे ५ टन वजन, एकच चालक, एकच मध्यम लेझर आणि ताशी २१६ किलोमीटरची कमाल गती ही त्याची ओळख आहे. खेळातील सर्वांत लहान युद्धवाहनांपैकी हे एक असून त्याचे चिलखत अगदी पातळ आहे. तरीही खेळाडूंमध्ये त्याची चर्चा अनेक अवजड यंत्रांपेक्षा अधिक होते. गती हेच संरक्षण मानल्यास खेळाच्या नियमांत काय घडते, याचे सर्वांत टोकाचे उदाहरण म्हणून या वाहनाकडे पाहिले जाते. अशी अनेक स्वस्त वाहने एकत्र वापरणे कितपत न्याय्य आहे, हा वादही त्याच्या नावाशी जोडला गेला आहे.

पार्श्वभूमी

बॅटलटेक हा खेळ अमेरिकेतील शिकागो येथील फासा या कंपनीने १९८४ मध्ये 'बॅटलड्रॉइड्स' या नावाने प्रसिद्ध केला. जॉर्डन वाइझमन आणि एल. रॉस बॅबकॉक यांनी १९८० मध्ये ही कंपनी स्थापन केली होती. 'ड्रॉइड' या शब्दाला लुकासफिल्मने हरकत घेतल्यामुळे १९८५ मध्ये दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी खेळाचे नाव बदलून 'बॅटलटेक' असे ठेवण्यात आले.

खेळ षट्कोनी घरे आखलेल्या नकाशावर खेळला जातो. प्रत्येक घर ३० मीटर रुंद आणि प्रत्येक फेरी १० सेकंदांची मानली जाते. दोन पायांवर चालणारी, २० ते १०० टन वजनाची 'बॅटलमेक' नावाची महाकाय युद्धयंत्रे ही या खेळाची मुख्य पात्रे होत. रणगाडे, हॉवरक्राफ्ट आणि पायदळ यांचे नियम १९८६ मध्ये 'सिटीटेक' या पूरक संचातून आले. त्यानंतर १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेले 'टेक्निकल रीडआउट : ३०२६' हे पुस्तक वाहने आणि वैयक्तिक साधनसामग्री यांना वाहिलेले होते. सॅव्हाना मास्टरची नोंद त्यात आढळते.

फासाने २००१ मध्ये आपला व्यवहार बंद केला. त्यानंतर खेळाचे प्रकाशन वेगवेगळ्या कंपन्यांकडे गेले आणि २००७ पासून ते कॅटॅलिस्ट गेम लॅब्ज या कंपनीकडे आहे. आज प्रचलित असलेले वाहनांचे मूलभूत नियम प्रामुख्याने 'टोटल वॉरफेअर' या २००६ मधील नियमपुस्तकात आहेत. या लेखातील आकडेमोड त्याच नियमांना धरून आहे.

काल्पनिक इतिहास

बॅटलटेकच्या कथाविश्वात मानवजात शेकडो ग्रहांवर पसरलेली आहे. २५७१ मध्ये स्थापन झालेले 'स्टार लीग' हे संयुक्त राज्य २७८१ मध्ये मोडकळीस येते आणि त्यानंतर सिंहासनाच्या हक्कावरून 'उत्तराधिकार युद्धे' पेटतात. या युद्धांत कारखाने, प्रयोगशाळा आणि त्यांच्यासोबत तांत्रिक ज्ञानही नष्ट होते. एकतिसाव्या शतकाच्या आरंभी परिस्थिती अशी असते की जुनी यंत्रे वापरता येतात, पण नवी घडवता येत नाहीत. त्यामुळे जुन्या काळातील सुट्या भागांचा एखादा साठा हाती लागणे म्हणजे खजिना सापडण्यासारखे असते.

सॅव्हाना मास्टरचा जन्म अशाच एका शोधातून होतो. एस. एल. ल्यूइस या पात्राला स्टार लीगच्या काळातील 'ओम्नी २५' या छोट्या संलयन इंजिनांचा साठा सापडतो. ही इंजिने बॅटलमेक चालवण्यास फारच दुबळी असतात. ल्यूइस त्यांच्याभोवती एक हलके हॉवरक्राफ्ट रचतो आणि स्वतःच्या नावाच्या कंपनीमार्फत त्याचे उत्पादन करतो. कथेचा हा धागा वाहनाच्या रचनेशी जुळणारा आहे. येथे वाहनासाठी इंजिन शोधलेले नाही, हाती आलेल्या इंजिनासाठी वाहन घडवले आहे.

रचना

बॅटलटेकमध्ये वाहनाची रचना ठरावीक नियमांनी होते. प्रत्येक घटकाला वजन असते आणि त्यांची बेरीज वाहनाच्या एकूण वजनाएवढी व्हावी लागते. सॅव्हाना मास्टरच्या ५ टनांची वाटणी पुढीलप्रमाणे आहे.

संलयन इंजिन (ओम्नी २५) : १ टन
अंतर्गत सांगाडा : ०.५ टन
नियंत्रण यंत्रणा : ०.५ टन
उचल यंत्रणा (पंखे व हवेची गादी) : ०.५ टन
मध्यम लेझर : १ टन
चिलखत : १.५ टन

हॉवरक्राफ्टसाठी आवश्यक इंजिनक्षमता काढताना वाहनाचे वजन आणि सामान्य गती यांचा गुणाकार करून त्यातून वाहनप्रकारानुसार ठरलेला अंक वजा केला जातो. १० टनांपर्यंतच्या हॉवरक्राफ्टसाठी हा अंक ४० आहे. येथे ५ गुणिले १३ म्हणजे ६५ आणि त्यातून ४० वजा केल्यास नेमके २५ उरतात. अवघ्या २५ क्षमतेच्या इंजिनावर हे वाहन प्रत्येक फेरीत १३ घरांची सामान्य गती गाठते ते याच सवलतीमुळे. कमाल गती सामान्य गतीच्या दीडपट, म्हणजे अपूर्णांक वर धरून २० घरे इतकी होते. १० सेकंदांत २० घरे म्हणजे ६०० मीटर, अर्थात ताशी २१६ किलोमीटर.

दीड टन चिलखतातून एकूण २४ गुण मिळतात. ते पुढची, मागची, डावी व उजवी अशा चार बाजूंवर विभागलेले असतात. म्हणजे एका बाजूला सरासरी ६ गुण येतात. चिलखताच्या आत प्रत्येक बाजूच्या सांगाड्याला केवळ १ गुण आहे. एका मध्यम लेझरचा मारा ५ गुणांचा, कणप्रक्षेपक तोफेचा १० गुणांचा आणि सर्वांत जड ऑटोकॅननचा २० गुणांचा असतो, हे लक्षात घेता या चिलखताचा पातळपणा स्पष्ट होतो. त्याच्याकडून हलका मारा एखाद्या वेळी झेलला जातो. जड शस्त्राचा एकच नेम मात्र बहुधा अखेरचा ठरतो.

वाहनावर बुरूज नाही. लेझर पुढच्या बाजूस बसवलेला असल्यामुळे ज्याच्यावर मारा करायचा त्याच्याकडे वाहनाचे तोंड असावे लागते. लेझरला दारूगोळा लागत नाही आणि त्याची उष्णता संलयन इंजिनासोबत येणाऱ्या शीतक यंत्रणेत सामावते. त्यामुळे शत्रूच्या प्रदेशात दीर्घकाळ वावरताना रसद संपण्याची चिंता राहत नाही. टेहळणी वाहनासाठी हा मोठा लाभ आहे.

गती हेच चिलखत

बॅटलटेकमध्ये नेम लागतो की नाही हे दोन फाशांच्या बेरजेवरून ठरते. नेमबाजाच्या कौशल्यांकात (नेहमीच्या सैनिकासाठी ४) अंतर, स्वतःची हालचाल, लक्ष्याची हालचाल आणि आडोसा यांचे अंक मिळवून 'लक्ष्यांक' काढला जातो. फाशांची बेरीज लक्ष्यांकाएवढी किंवा त्याहून अधिक आल्यास नेम लागतो. फाशांची सर्वाधिक बेरीज १२ असल्यामुळे लक्ष्यांक १३ झाला की नेम लागणे अशक्य होते.

लक्ष्याच्या हालचालीचा अंक त्याने त्या फेरीत ओलांडलेल्या घरांवर अवलंबून असतो. २ घरांपर्यंत हा अंक शून्य, ३ ते ४ घरांसाठी १, ५ ते ६ घरांसाठी २, ७ ते ९ घरांसाठी ३, १० ते १७ घरांसाठी ४ आणि १८ ते २४ घरांसाठी ५ असतो. बहुतेक अवजड बॅटलमेकना १ किंवा २ वर समाधान मानावे लागते. पूर्ण वेगातील सॅव्हाना मास्टरला ५ मिळतात.

याचा परिणाम एका उदाहरणातून पाहता येतो. जागच्या जागी उभा असलेला एक बॅटलमेक मोकळ्या मैदानातून १८ किंवा अधिक घरे धावलेल्या सॅव्हाना मास्टरवर नेम धरतो, असे समजू. जवळच्या पल्ल्यात लक्ष्यांक ९ होतो आणि ३६ पैकी १० वेळा नेम लागतो. मध्यम पल्ल्यात लक्ष्यांक ११ होतो आणि ही शक्यता ३६ पैकी ३ वर येते. लांब पल्ल्यात लक्ष्यांक १३ होतो, म्हणजे नेम लागूच शकत नाही. बॅटलमेक त्या फेरीत चालला असेल तर त्याच्यासाठी प्रत्येक आकडा आणखी एकाने वाढतो.

कमाल गती घेण्याची किंमत सॅव्हाना मास्टरलाही मोजावी लागते. कमाल गतीने धावणाऱ्या वाहनाच्या स्वतःच्या लक्ष्यांकात २ मिळवले जातात. तरीही त्याचे लक्ष्य मंद असेल तर हा व्यवहार फायद्याचा ठरतो. ३ किंवा ४ घरे चाललेल्या बॅटलमेकवर जवळच्या पल्ल्यातून लेझर सोडताना लक्ष्यांक ४ अधिक २ अधिक १ असा ७ होतो आणि ३६ पैकी २१ वेळा नेम लागतो. त्याच क्षणी तोच बॅटलमेक उलट मारा करताना १० च्या लक्ष्यांकावर अवलंबून असतो, म्हणजे ३६ पैकी केवळ ६ वेळा यशस्वी होतो.

येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. हालचालीचा अंक ओलांडलेल्या घरांवर ठरतो, खर्च केलेल्या चालगुणांवर नव्हे. दिशा एका कोनाने बदलण्यासही एक चालगुण खर्च होतो. २० पैकी १८ गुण सरळ धावण्यात गेले तरच ५ चा अंक मिळत असल्यामुळे संपूर्ण फेरीत सपाट जमिनीवरही केवळ दोन वळणे घेता येतात. तिसरे वळण घेतले किंवा वाटेत चढ लागला की संरक्षणाचा अंक ४ वर घसरतो. म्हणून या वाहनाचा मार्ग आधीच आखावा लागतो. शत्रूच्या पाठीमागे पोहोचून, तोंड त्याच्याकडे वळवून आणि तरीही १८ घरे पूर्ण करून थांबणे हे अनुभवी खेळाडूचे लक्षण मानले जाते.

मर्यादा

सॅव्हाना मास्टरचे सर्व संरक्षण गतीवर अवलंबून असल्यामुळे गती गमावली की त्याच्याजवळ काहीच उरत नाही. खेळाचे नियम या दुबळेपणावर तीन प्रकारे बोट ठेवतात.

पहिला प्रकार चालना यंत्रणेच्या हानीचा आहे. वाहनाच्या विशिष्ट भागांवर मारा झाला की चिलखत शाबूत असले तरी चालना यंत्रणेसाठी वेगळे फासे टाकले जातात. त्या बेरजेत हॉवरक्राफ्टसाठी ३ मिळवले जातात. साखळीपट्ट्यांच्या रणगाड्याला अशी कोणतीही भर नसते. समोरून झालेल्या माऱ्यात काहीही न बिघडण्याची शक्यता ३६ पैकी केवळ १ आणि वाहन पूर्णपणे जागच्या जागी खिळण्याची शक्यता ३६ पैकी १० असते. बाजूने किंवा मागून झालेल्या माऱ्यात ही स्थिती आणखी बिकट होते. खिळलेल्या वाहनावर नेम धरताना लक्ष्यांकातून ४ वजा केले जातात. एका फेरीत ज्याच्यासाठी ५ मिळवावे लागत होते त्याच्यासाठी पुढच्या फेरीत ४ वजा होतात. नऊ अंकांचा हा फरक म्हणजे जवळजवळ अभेद्य वाहन आणि निश्चित बळी यांमधील अंतर होय.

दुसरा प्रकार घसरण्याचा आहे. हवेच्या गादीवर तरंगणाऱ्या वाहनाची जमिनीवर पकड नसते. कमाल गतीने जाताना वळण घेतल्यास चालकाच्या कौशल्याची कसोटी होते आणि ती फसल्यास वाहन वळण्याआधीच्या दिशेने घसरत जाते. वाटेत टेकडी, इमारत किंवा दुसरे यंत्र आल्यास टक्कर होते. १ गुणाच्या सांगाड्याला अशी टक्कर क्वचितच सोसते.

तिसरा प्रकार भूभागाचा आहे. हॉवरक्राफ्टला नदी, तलाव किंवा दलदलीवरून सहज जाता येते. खोल पाण्यापुढे साखळीपट्ट्यांचे रणगाडे अडतात, तेथे हे वाहन थेट पलीकडे निघून जाते. मात्र विरळ असो वा दाट, कोणत्याही झाडीत त्याला प्रवेश नाही. त्यामुळे झाडीत उभ्या असलेल्या शत्रूला आडोशाचा लाभ मिळतोच, शिवाय ज्या बाजूंना झाडी आहे त्या बाजूंनी त्याच्या निकट जाणेही अशक्य होते. दाट अरण्याच्या नकाशावर सॅव्हाना मास्टरची उपयुक्तता बरीच घटते.

याखेरीज काही शस्त्रे त्याच्यासाठी विशेष घातक आहेत. स्पंद लेझरने नेम धरताना लक्ष्यांकातून २ वजा होतात. विखुरणारे गोळे सोडणाऱ्या एलबी-एक्स ऑटोकॅननला १ ची सवलत मिळते आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या जागी लागू शकतो. लघुपल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा मारा प्रत्येकी २ गुणांचाच असला तरी एकाच वेळी अनेक क्षेपणास्त्रे वेगवेगळ्या भागांवर आदळतात. या दोन्ही प्रकारांत चिलखत फुटण्याआधीच चालना यंत्रणा निकामी होण्याचा धोका वाढतो.

टेहळणीतील उपयोग

सॅव्हाना मास्टरवर विशेष संवेदक किंवा शोधक उपकरणे नाहीत. त्याची टेहळणी चालकाच्या नजरेवर आणि माहिती घेऊन सुखरूप परतण्याच्या क्षमतेवर अवलंबून आहे. ज्या डावांत शत्रूची यंत्रे लपलेली असतात किंवा नजरेच्या टप्प्यात येईपर्यंत पटावर दाखवली जात नाहीत, अशा डावांत तिचे महत्त्व वाढते. दोन फेऱ्यांत ४० घरे ओलांडणारे वाहन सर्वसाधारण नकाशाचे एक टोक पाहून परत येऊ शकते.

त्याचा दुसरा उपयोग उद्दिष्टाधारित डावांत होतो. एखादे ठाणे ताब्यात घेणे, ठरावीक घरात पोहोचणे किंवा शत्रूच्या मागे जाऊन नकाशाबाहेर निसटणे अशा कामांत शस्त्रबळापेक्षा वेळ महत्त्वाचा असतो. खूप हानी होऊन पळू पाहणाऱ्या बॅटलमेकचा पाठलाग करण्यासाठीही हे वाहन वापरले जाते, कारण अशा वेळी पाठीमागचे पातळ किंवा फुटलेले चिलखत भेदण्यास एक लेझरही पुरेसा ठरतो.

थव्याची चाल आणि समतोलाचा प्रश्न

दोन खेळाडूंची सैन्ये तुल्यबळ असावीत म्हणून बॅटलटेकमध्ये प्रत्येक यंत्राला 'लढाऊ मूल्य' दिलेले असते. सॅव्हाना मास्टरचे लढाऊ मूल्य २१५ आहे. १०० टनांच्या 'ॲटलस' या प्रसिद्ध बॅटलमेकच्या मूळ आवृत्तीचे मूल्य १,८९७ आहे. म्हणजे एका ॲटलसच्या मोबदल्यात आठ सॅव्हाना मास्टर घेता येतात आणि तरीही काही गुण शिल्लक राहतात.

कागदावर ही तुलना विषम दिसते. आठ वाहनांचे एकत्रित वजन ४० टन आणि चिलखत १९२ गुण भरते. एकट्या ॲटलसचे चिलखत ३०४ गुणांचे आहे. पण वर दिलेल्या शक्यता धरल्या तर चालत्या ॲटलसवर आठ लेझरांचा सरासरी मारा प्रत्येक फेरीत सुमारे २३ गुणांचा होतो. ॲटलसच्या पाठीवरील चिलखत मध्यभागी १४ गुणांचे आणि दोन्ही बाजूंना प्रत्येकी १० गुणांचे आहे. त्याचा दारूगोळा धडाच्या याच दोन बाजूंत साठवलेला असतो. एका बाजूच्या पाठीवर दोन लेझर लागले की तेथील चिलखत संपते आणि तिसरा आत शिरतो. दुसरीकडे ॲटलसकडे मोजकीच मोठी शस्त्रे आहेत, त्यांतील दीर्घपल्ल्याची क्षेपणास्त्रे अगदी जवळच्या लक्ष्यावर नीट चालत नाहीत आणि एकाच फेरीत अनेक लक्ष्यांवर मारा विभागल्यास नेम आणखी कठीण होतो. त्याच्या जड ऑटोकॅननचा नेम लागला तर एक वाहन नष्ट होते, पण सात उरतातच.

ॲटलसच्या बाजूनेही उपाय आहेत. पाठ उंचवट्याकडे किंवा झाडीकडे करून उभे राहिल्यास मागून येण्याचा मार्ग बंद होतो. चालणे थांबवल्यास स्वतःचा लक्ष्यांक एकाने घटतो. अर्थात त्यामुळे शत्रूचाही नेम सोपा होतो. शेजारच्या घरात येऊन थांबलेल्या वाहनाला लाथ मारता येते आणि १०० टनांच्या यंत्राची लाथ २० गुणांचा मारा करते. म्हणून सॅव्हाना मास्टर चालवणारे जाणकार शेजारच्या घरात न थांबता दोन-तीन घरांचे अंतर राखतात. जवळच्या पल्ल्याचा लाभ त्या अंतरावरही मिळतो.

संख्याबळाचा आणखी एक फायदा चाल करण्याच्या क्रमात दडलेला आहे. प्रत्येक फेरीत पुढाकार गमावलेला पक्ष आधी यंत्र हलवतो आणि मग दोन्ही पक्ष आळीपाळीने हलवत जातात. शत्रूने कोठे जागा घेतली हे पाहून हलवणे नेहमीच लाभदायक असते. ज्याच्याकडे कमी महत्त्वाची यंत्रे अधिक आहेत, तो खेळाडू ती आधी हलवून आपले मुख्य बॅटलमेक शेवटपर्यंत राखून ठेवू शकतो. एखाद्या सैन्यात दोन-तीन सॅव्हाना मास्टर घेण्यामागे त्यांच्या लेझरपेक्षा हाच हेतू असणे असामान्य नाही.

या चालीवर मतभेद आहेत. एका बाजूचे म्हणणे असे की लढाऊ मूल्याच्या सूत्रात गतीची पुरेशी दखल घेतलेली आहे. या वाहनाच्या बाबतीत सूत्र मारकक्षमतेला कमाल गतीच्या आधारे सुमारे तिप्पट करते. २१५ पैकी १४५ हून अधिक गुण या एका भागातून येतात. म्हणजे खेळाडूने गतीची किंमत आधीच मोजलेली असते आणि नियमांत बसणारे सैन्य उभारणे हा त्याचा अधिकार ठरतो. दुसऱ्या बाजूचा आक्षेप असा की सूत्र एकेका यंत्राचे मूल्य मोजते, समूहाचे नाही. आठ वाहने एकत्र आल्याने शत्रूला पाठ लपवणे कठीण जाते, चालीचा क्रम बदलतो आणि प्रतिपक्षाला एकामागून एक जवळजवळ निष्फळ फासे टाकत बसावे लागते. हे परिणाम बेरजेत दिसत नाहीत. शिवाय वाहनांची संख्या वाढली की डाव लांबतो, हाही एक व्यावहारिक मुद्दा मांडला जातो.

त्यामुळे अनेक गटांत आणि स्पर्धांत एका सैन्यातील यंत्रांच्या संख्येवर मर्यादा घालण्याची किंवा खेळाआधी परस्परसंमतीने सैन्याचे स्वरूप ठरवण्याची प्रथा दिसते. अशा मर्यादेत सॅव्हाना मास्टर पुन्हा त्याच्या मूळ कामाकडे, म्हणजे एक-दोन टेहळ्यांच्या भूमिकेकडे वळते.

इतर वाहनांशी तुलना

टेहळणीसाठी वापरल्या जाणाऱ्या यंत्रांत २० टनांचा 'लोकस्ट' हा बॅटलमेक प्रसिद्ध आहे. त्याची कमाल गती प्रत्येक फेरीत १२ घरे, म्हणजे ताशी सुमारे १३० किलोमीटर आहे. तो झाडीत शिरू शकतो आणि एखाद-दुसऱ्या माऱ्याने जागच्या जागी खिळत नाही, हे त्याचे बलस्थान होय.

हॉवरक्राफ्टमध्ये ३५ टनांचे 'पेगॅसस' हे टेहळणी वाहन लोकस्टएवढ्याच गतीने धावते. मात्र त्यावर लघुपल्ल्याच्या सहा-सहा क्षेपणास्त्रांचे दोन संच आणि एक मध्यम लेझर असल्यामुळे गरज पडल्यास ते लढतही राहू शकते. त्याच वजनाच्या 'सॅलॅडिन' हॉवरक्राफ्टवर सर्वांत जड ऑटोकॅनन बसवलेली असून ते टेहळणीपेक्षा अचानक हल्ल्यासाठी आहे. या मालिकेत सॅव्हाना मास्टर एका टोकाला उभे आहे. त्यात गतीखेरीज इतर प्रत्येक गोष्ट किमान पातळीवर आणलेली आहे.

वास्तवातील हॉवरक्राफ्ट

हवेच्या गादीवर चालणारे वाहन ही संकल्पना वास्तवातील आहे. ब्रिटिश अभियंते क्रिस्टोफर कॉकरेल यांच्या कल्पनेवर आधारलेल्या एसआर.एन१ या हॉवरक्राफ्टने २५ जुलै १९५९ रोजी इंग्लिश खाडी ओलांडली. वाहनाखाली पंख्याने हवा दाबून भरायची आणि कडेच्या लवचीक झालरीने ती अडवून धरायची, हे त्याचे मूलतत्त्व. जमिनीशी घर्षण जवळजवळ नसल्यामुळे थोड्या शक्तीत मोठी गती मिळते. पण त्याच कारणाने वळणे आणि थांबणे अवघड होते. खेळातील घसरण्याचा नियम या गुणधर्माचेच रूप आहे.

लढाईतील अनुभवही उपलब्ध आहे. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी नौदलाने १९६६ पासून मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात ब्रिटिश एसआर.एन५ वर आधारित गस्ती हॉवरक्राफ्ट वापरली. १९६८ ते १९७० या काळात अमेरिकी लष्कराकडेही अशी तीन वाहने होती. भातखाचरे, दलदल आणि कालवे यांवरून ती सारख्याच सहजतेने धावत. परंतु त्यांचा आवाज मोठा होता आणि देखभाल खर्चिक होती. लष्कराच्या तीनपैकी दोन वाहने नष्ट झाली आणि हा प्रयोग पुढे चालवला गेला नाही. त्यानंतर लष्करी हॉवरक्राफ्ट मुख्यतः समुद्रातून किनाऱ्यावर सैन्य व सामग्री उतरवण्यासाठी आणि किनारी गस्तीसाठी वापरली गेली. भारतीय तटरक्षक दलाकडेही उथळ पाण्यात व चिखलाच्या किनाऱ्यांवर गस्त घालण्यासाठी ग्रिफन बनावटीची हॉवरक्राफ्ट आहेत.

ताशी २१६ किलोमीटर वेगाने खुल्या रणांगणावर शत्रूला वळसा घालणारे एकचालकी लढाऊ हॉवरक्राफ्ट मात्र कल्पनेतच आहे.

प्रतिकृती आणि संगणकीय रूपे

बॅटलटेकच्या धातूच्या प्रतिकृती साधारणतः १:२८५ या प्रमाणात बनवल्या जातात आणि सॅव्हाना मास्टरच्याही प्रतिकृती उपलब्ध आहेत. खेळाच्या नियमांसाठी प्रतिकृती अनिवार्य नाही. पुठ्ठ्याची सोंगटीही चालते. पटावरील नियम संगणकावर राबवणाऱ्या 'मेगामेक' या मुक्त व निःशुल्क प्रणालीतही हे वाहन समाविष्ट आहे. तेथे फासे आणि बेरजा संगणक करत असल्यामुळे पटावर वेळखाऊ ठरणारे मोठे थवे तुलनेने लवकर खेळून होतात.